एलडी (अध्ययन अक्षमता) असलेल्यांसाठी कॉलेज आणि इंटर्नशिप: काय मागायचं, कधी मागायचं, कुणाकडे मागायचं

दहावी-बारावीपर्यंत सवलतींचं बरंचसं काम परस्पर होतं. शाळेतल्या एखाद्या बाई फॉर्म भरून घेतात, बोर्डाकडे पाठवतात, लेखनिकाचं, म्हणजे परीक्षेत तुम्ही सांगाल ते लिहिणाऱ्याचं, नाव विचारतात. कॉलेजमध्ये बहुतेक ठिकाणी असं कुणी नसतं. वर्ग मोठा, शिक्षक दर तासाला बदलणारे, आणि ऑफिसच्या खिडकीत बसलेल्या माणसाने एलडीचं प्रमाणपत्र कदाचित पहिल्यांदाच पाहिलेलं. मी डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) आणि डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) यांच्यासह बी.कॉम. केलं, इंटर्नशिप केली आणि सध्या नोकरी करते. माझ्या मागून आलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे क्रमाने लिहिते आहे.

हा लेख विशिष्ट अध्ययन अक्षमतेबद्दल, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया (आकड्यांची अडचण) यांच्याबद्दल आहे. बौद्धिक अक्षमतेची तपासणी आणि प्रमाणपत्र वेगळं असतं. मात्र कामाच्या ठिकाणाबद्दल पुढे जे लिहिलंय, ते त्या मुलांनाही बरंचसं लागू पडेल.

सगळ्या पायऱ्यांना लागू होणारी एक गोष्ट आधीच सांगते. "मला डिस्लेक्सिया आहे" एवढंच सांगितलं तर समोरचा मान डोलावतो आणि काहीच करत नाही, कारण काय करायचं हे त्याला कळलेलंच नसतं. "फळ्यावरचं उतरवून घ्यायला मला वेळ लागतो, तासानंतर फोटो काढू द्या" असं सांगितलं की काम होतं. अक्षमतेचं नाव प्रमाणपत्रात असू द्या. तोंडाने आणि अर्जात गरज सांगा.

१. प्रमाणपत्राची मुदत बघा

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात आपली नोंदच नव्हती. नव्या कायद्यातल्या २१ अक्षमतांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. आपल्या सगळ्या मागण्यांचा आधार तोच.

इथला सापळा वयाचा आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिलं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं असतं. (तपासणीच्या सूचना मार्च २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या. रुग्णालय आता त्यांप्रमाणे चालतं.) बारावीची बहुतेक मुलं सतरा-अठराची असतात. म्हणजे दहावीला वापरलेला कागद नेमका पहिल्या वर्षाच्या मध्यावर कुचकामी ठरू शकतो. अठरा पूर्ण होताच फेरतपासणीची वेळ घ्या.

तपासणी एका दिवसात उरकत नाही. डोळे आणि कान तपासतात, बुद्ध्यांक चाचणी होते, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. मध्ये तारखा मिळत जातात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं एलडी क्लिनिक अनेकांना माहीत आहे. बाकीच्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. खाजगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल वाया जात नाही, तुमच्या नेमक्या अडचणी त्यातच सविस्तर असतात. पण आरक्षणासाठी आणि सरकारी कामासाठी सक्षम वैद्यकीय प्राधिकरणाचंच प्रमाणपत्र चालतं. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचा ओळख क्रमांक आणि कार्ड) अर्जही करून टाका. पुढे जवळपास प्रत्येक फॉर्म तो क्रमांक मागतो.

टक्केवारीबद्दल खूप गोंधळ आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांगत्व. आरक्षणासाठी ते लागतं. परीक्षेतला लेखनिक आणि जादा वेळ यांच्यासाठी मात्र ४० टक्क्यांची अट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात अमान्य केली. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. त्यासाठी लिहिण्यात अडचण असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात आणावं लागतं. "तुमचे टक्के कमी आहेत, काही मिळणार नाही" असं ऑफिसात ऐकलंत तर या दोन तारखा सांगा.

२. एक फाइल कायमची तयार ठेवा

- सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र. मूळ प्रत घरी, स्वसाक्षांकित झेरॉक्स फाइलमध्ये
- यूडीआयडी कार्ड, किंवा ते आलं नसेल तर अर्जाची पावती
- मानसशास्त्रज्ञाचा किंवा विशेष शिक्षकाचा पूर्ण अहवाल
- दहावी-बारावीला मंडळाने दिलेलं सवलतीचं पत्र
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका
- आधार कार्ड आणि पासपोर्ट आकाराचे फोटो
- आरक्षणाचा अर्ज असेल तर अधिवास आणि लागू असतील ती इतर प्रमाणपत्रं
- कॉलेजला दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच

बोर्डाचं जुनं सवलतपत्र फेकून देऊ नका. "याआधी ही सोय दिली गेली आहे" हे दाखवणारा कागद समोर ठेवला की नवा अधिकारी पटकन सही करतो. सगळ्याचे स्कॅन मोबाइलमध्ये ठेवा, आणि फाइलींना नावं अशी द्या की घाईत वाचायला सोपी जातील. मी प्रत्येक नावाच्या आधी आकडा लिहायचे.

३. कॉलेज निवडताना चौकशी करा

सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात, आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सूटही आहे. पण जागा मिळणं आणि तिथे तीन वर्षं टिकणं ही वेगवेगळी कामं आहेत. प्रवेशाआधी एकदा कॉलेजात जाऊन विचारा:

समान संधी केंद्र (दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयीही बघणारा कॉलेजातला विभाग) आहे का, आणि त्याचं काम कोण बघतं? गेल्या वर्षी लेखनिक घेऊन कुणी परीक्षा दिली का? अंतर्गत गुण कशावर देतात: लेखी चाचणी, प्रकल्प की तोंडी? इंटर्नशिपची जागा कॉलेज देतं की आपली आपण शोधायची?

पहिल्या प्रश्नाला "हो हो, आहे ना" एवढंच उत्तर आलं आणि नाव सांगता आलं नाही, तर ते केंद्र कागदावर आहे असं समजा. तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ज्या अभ्यासक्रमात सादरीकरण, प्रात्यक्षिक आणि प्रकल्पाला जास्त गुण आहेत, तिथे आपल्यासारख्याला श्वास घ्यायला जागा मिळते. कॉलेजच्या नावापेक्षा मी गुणांची विभागणी आधी बघेन.

४. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरताना

सीईटी, जेईई, नीट, सीयूईटी, कुठलीही परीक्षा असो, दिव्यांगत्वाचा रकाना फॉर्म भरतानाच भरायचा असतो. लेखनिक हवा का, हा वेगळा प्रश्न असतो आणि तो घाईत सुटतो. हॉल तिकीट आल्यावर त्यावर दिव्यांग आणि लेखनिक यांची नोंद आहे का ते त्याच दिवशी तपासा. चूक असेल तर मदतकक्षाला ईमेल करा. फोनवर बोललेल्याचा पुरावा राहत नाही.

२०२१ च्या नीटमध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर जादा वेळ नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं. नियम होता, केंद्रावरच्या माणसांना तो माहीत नव्हता. म्हणून सूचनापत्रकातलं संबंधित पान छापून सोबत न्या आणि पेपर सुरू व्हायच्या आधी केंद्रप्रमुखांना दाखवा. पेपर सुरू झाल्यावर वाद घालण्यात आपलाच वेळ जातो.

५. पहिल्या पंधरवड्यात लेखी अर्ज द्या

प्रवेशाच्या फॉर्मवर दिव्यांग लिहिलं म्हणजे शिक्षकांना कळलं, असं होत नाही. तो फॉर्म ऑफिसात राहतो. प्राचार्यांच्या नावे स्वतंत्र अर्ज द्या, प्रत समान संधी केंद्राला आणि परीक्षा विभागाला. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज असा असू शकतो:

"विषय: विशिष्ट अध्ययन अक्षमतेमुळे अध्यापन व परीक्षेत सोयी मिळण्याबाबत.
मी प्रथम वर्ष वाणिज्य शाखेत शिकत आहे. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. माझा हाताने लिहिण्याचा वेग कमी आहे व लांब मजकूर वाचण्यास मला अधिक वेळ लागतो. कृपया पुढील सोयी मिळाव्यात: (१) सर्व लेखी परीक्षांत, अंतर्गत चाचण्यांसह, जादा वेळ व लेखनिक, (२) व्याख्यानाच्या टिपा संगणकीय स्वरूपात, (३) फळ्याचे छायाचित्र घेण्यास व व्याख्यान ध्वनिमुद्रित करण्यास परवानगी, (४) शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण न कापणे, जिथे भाषा हा परीक्षेचा विषय नाही तिथे."

चार-पाच मागण्या पुरेत. पंधरा लिहिल्या तर कुणी वाचत नाही. "अंतर्गत चाचण्यांसह" हे दोन शब्द विसरू नका. विद्यापीठाच्या परीक्षेला सगळे नियम पाळले जातात आणि वर्गातल्या वीस गुणांच्या चाचणीला "एवढ्याशा पेपरला कशाला" म्हणून उडवून लावतात. वर्षाचे गुण तिथेच गळतात.

अर्जानंतर प्रत्येक विषयशिक्षकांना दोन मिनिटं भेटा. वर्गात सगळ्यांसमोर नको, स्टाफरूममध्ये. "सर, मला अचानक उभं करून वाचायला सांगू नका, प्रश्न विचारलेत तर उत्तर देईन," एवढंच बोललात तरी निम्मं ओझं उतरतं.

६. परीक्षा: वेळ आणि लेखनिक

केंद्र सरकारच्या सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आहे. म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, अडीच तासांना ५०, तीन तासांना एक तास. अर्ध्या तासाच्या चाचणीलाही त्याच हिशेबाने १० मिनिटं. विद्यापीठाचं स्वतःचं परिपत्रक असतं. ते परीक्षा विभागातून मिळवा आणि त्यात काय लिहिलंय ते एखाद्याकडून वाचून घ्या.

एका दिवशी दोन पेपर असले की हा वेळ आपल्यावरच उलटतो. सकाळचा पेपर तासभर लांबतो आणि दुपारच्या पेपरची वेळ होते. डबा उघडायलाही उसंत नाही. वेळापत्रक लागताच परीक्षा विभागाला लेखी कळवून दुसऱ्या पेपरची सुरुवात पुढे ढकलून घ्या. शेवटच्या तासाचीही एक गंमत आहे: बाकीची मुलं निघून जातात, पंखे बंद होतात, पर्यवेक्षक घड्याळ बघत उभे राहतात. परवानगीपत्राची प्रत बाकावर ठेवा आणि शांतपणे लिहीत राहा.

लेखनिकाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यात जास्त पंचाईत होते.

लेखनिक तुमच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. किती खालच्या, आणि तो तुम्ही आणायचा की केंद्र देणार, हे त्या त्या परीक्षेच्या सूचनेत बघा. गेल्या वर्षीचा नियम यंदा असेलच असं नाही. खालच्या वर्गातला मुलगा घेतला की त्याचीही परीक्षा त्याच आठवड्यात निघते. त्यामुळे त्याचं वेळापत्रक आधी मागून घ्या आणि दुसरं एक नाव मंजूर करून ठेवा. ऐनवेळी ताप येतो, बस चुकते.

उत्तर येणं आणि ते दुसऱ्याच्या हाताने लिहून घेणं यांत फार अंतर आहे. आधी निदान दोन जुने पेपर एकत्र सोडवा. तुम्ही वाक्य पूर्ण बोलायचं, लेखनिकाने लिहिलेलं परत वाचून दाखवायचं, मग पुढे जायचं. विषयातल्या शब्दांची यादी त्याला आधी द्या: अवक्षयण, ऋणपत्र, सीमांत उपयोगिता. नाहीतर प्रत्येक शब्दाला अडखळणं होतं. ताळेबंदाचा तक्ता आखायची पद्धत आणि अर्थशास्त्राच्या आलेखांच्या खुणा यांचा सराव त्याच्याकडून करून घ्या. डिसकॅल्क्युलिया असेल तर आकडे सुटे सुटे बोला, "पाच-तीन-शून्य-शून्य", आणि लिहिलेला आकडा डोळ्यांनी तपासा.

ज्यांना लिहिता येतं पण वेग कमी आहे, त्यांनी नुसता जादा वेळ घेऊन बघावा, असं माझं मत. लेखनिकासोबत विचारांची लय तुटते आणि सगळ्यांना ते मानवत नाही. शक्य असेल तिथे संगणकावर टाइप करायची परवानगी मागा. नोकरीतही पुढे टाइपच करायचं आहे.

७. रोजच्या अभ्यासाची साधनं

मोबाइलमध्ये मजकूर वाचून दाखवण्याची सोय असतेच: अँड्रॉइडवर सिलेक्ट टू स्पीक, आयफोनवर स्पीक स्क्रीन. संगणकावर वर्ड आणि एज ब्राउझरमध्ये इमर्सिव्ह रीडर आहे, त्यात ओळींतलं अंतर वाढवता येतं आणि मजकूर ऐकता येतो. गूगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं नंतर तपासून घ्या.

मराठी नोट्सची खरी अडचण फॉन्टची आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण वाचून दाखवणारं ॲप तिचं गडबडगुंड्यात रूपांतर करतं. शिक्षकांकडे फाइल मागताना "युनिकोडमध्ये आहे का?" असं स्पष्ट विचारा. नसेल तर आणि झेरॉक्स नोट्स असतील तरीही, पानाचा चांगल्या उजेडात फोटो काढून गूगल लेन्समधून मजकूर उचला. मराठीचा मजकूरही बऱ्यापैकी येतो.

छापील पुस्तकं वाचणं अवघड जाणाऱ्यांसाठी सुगम्य पुस्तकालय हे २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे. ते फक्त अंधांसाठी आहे असा समज आहे, पण डिस्लेक्सिया असलेल्यांनाही सदस्य होता येतं. ग्रंथपाल "कॉपीराइटमुळे स्कॅन करता येणार नाही" म्हणाले तर त्यांना नम्रपणे सांगा की २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी वाचनसुलभ प्रत करायला मुभा आहे.

८. इंटर्नशिप किंवा ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) ठरवताना

नव्या अभ्यासक्रमांत इंटर्नशिपला क्रेडिट असतात. एका क्रेडिटला साधारण ३० तास धरले तर चार क्रेडिट म्हणजे १२० तासांचं काम. तेवढा वेळ चुकीच्या कामात गेला तर आत्मविश्वासाची वाट लागते.

कॉलेज ज्या जागा सहज देतं, त्यांत डेटा एंट्री भरपूर असते. आकडे उलटसुलट होणाऱ्याला किंवा अक्षरं नाचणाऱ्याला ते काम देणं म्हणजे त्याला नापास करण्याची व्यवस्थाच. दुसऱ्या टोकाला "याला जमणार नाही" म्हणून नुसतं झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायला बसवतात. दोन्ही टाळा. प्लेसमेंटच्या सरांकडे जाताना तुम्हाला जमणारी कामं सांगत जा: ग्राहकांशी बोलणं, क्षेत्रभेटी, मुलाखती, वस्तूंची मांडणी, छायाचित्रण, यंत्रजुळणी, प्रयोगशाळेतली तयारी. डिस्लेक्सिया असला की माणूस कलाकार असतोच, हे ऐकून ऐकून मी कंटाळले आहे. मला चित्र काढता येत नाही, पण रागावलेल्या ग्राहकाशी बोलता येतं. तुमचं काय ते शोधा.

एलडीबद्दल सांगायचं कधी? राखीव जागेवरून अर्ज असेल तर अर्जातच. निवडीसाठी लेखी किंवा ॲप्टिट्यूड चाचणी असेल तर चाचणीआधी, म्हणजे जादा वेळ मिळेल. बाकी वेळी मी निवड झाल्यावर, रुजू व्हायच्या आधी सांगते. मुलाखतीत सांगितलं तर बोलणं तिथेच अडकतं. रुजू झाल्यावर पहिली चूक झाली की मग सांगितलं, तर ती सबब वाटते. पूर्ण अहवाल कंपनीला द्यायची गरज नाही, त्यात तुमच्या बुद्ध्यांकापासून घरच्या परिस्थितीपर्यंत सगळं असतं. प्रमाणपत्राची प्रत पुरते.

२० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणं २०१७ च्या नियमांत आहे. ते संकेतस्थळावर शोधा. सापडलं तर संपर्क अधिकाऱ्याचं नावही बहुधा तिथेच मिळेल.

९. कामाच्या ठिकाणी पहिला आठवडा

तुमच्यावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीशी बोलताना कामापुरतं बोला. उदाहरणादाखल:

"तोंडी सूचना दिल्यात तर मी लगेच व्हॉट्सॲपवर मुद्दे लिहून पाठवेन, बरोबर आहेत का बघा."
"ग्राहकाला जाणारा ईमेल पाठवण्याआधी मी ऐकून तपासते, पाच मिनिटं जास्त लागतील."
"बिलातले आकडे दुसऱ्या कुणीतरी एकदा बघावेत."
"मीटिंगचं टिपण माझ्याकडे नको, त्याऐवजी पाहुण्यांची व्यवस्था मी बघते."

शेवटच्या वाक्यात काम टाळलेलं नाही, बदलून घेतलंय. अशी अदलाबदल सुचवली की समोरचा सहसा हो म्हणतो.

कॉलेजला द्यायची डायरी आणि अहवाल हे इंटर्नशिपचं दुखणं. रोज संध्याकाळी निघताना मोबाइलवर दोन मिनिटं बोलून ठेवा, शनिवारी त्याचा मजकूर करा आणि त्याच दिवशी सही घ्या. महिन्याच्या शेवटी सगळं आठवून लिहायला बसलात तर रात्र जाते. अहवालाऐवजी किंवा त्याच्या जोडीला तोंडी सादरीकरण चालेल का, हे विभागप्रमुखांना आधीच लेखी विचारा.

पूर्णता प्रमाणपत्रावर फक्त "समाधानकारक" घेऊ नका. केलेली कामं एकेक करून लिहायला सांगा, आणि एलडीचा उल्लेख त्यात नको.

१०. नकार आला तर

आधी लेखी नकार मागा. निम्मे नकार इथेच विरघळतात, कारण कायद्याविरुद्ध कागदावर सही करायला कुणी धजावत नाही. मग प्राचार्य, विद्यापीठाचा परीक्षा विभाग, सरकारी संस्था असेल तर तिथला तक्रार निवारण अधिकारी, आणि शेवटी पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. सोबत तारखेनुसार लावलेले अर्ज आणि पोच जोडा.

११. पदवीनंतर

सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला एक गट स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांच्यासाठी आहे. मात्र प्रत्येक पद प्रत्येक गटासाठी सुयोग्य ठरवलेलं नसतं, तेव्हा जाहिरातीत आपला प्रवर्ग लिहिलाय का ते फी भरण्याआधी बघा. प्रमाणपत्राचा नमुनाही जाहिरातीसोबत असतो. तुमच्याकडचा कागद त्या नमुन्यात नसेल तर रुग्णालयाची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या तारखेची वाट न बघता जाहिरात आल्या दिवशीच जुळवून पाहा. खाजगी नोकरीसाठी नॅशनल करिअर सर्व्हिसच्या पोर्टलवर दिव्यांग उमेदवारांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे नाव नोंदवताना इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावरची कामांची यादी जशीच्या तशी उतरवा.